सुटा भाग

पाकिटावर पत्ता होता: लोहगावकर, सेलू, निझाम स्टेट.
ते राज्य बुडालं त्या साली मी जन्मलो.
तरी पोस्टमन विचारत विचारत आला,
म्हणाला, या आडनावाचे आता तुम्हीच उरलात.

आत एक फोटो. पांढऱ्या फडक्यावर
गंजलेलं काहीतरी, शेजारी मोजपट्टी.
हॉलंडातल्या कुण्या बाईनं विचारलंय:
आमच्या बिटाच्या शेतात, सात हात खोल,
इंजिनाच्या खाली हे सापडलं.
इथल्या जाणकारांना ओळखू येत नाही.
विमानाचा हा कोणता भाग?

मी जिनिंगमध्ये एकतीस वर्षं फिटर.
कुठलाही सुटा भाग लांबून सांगतो, कशाचा ते.
चष्मा पुसला.
दोन पाती, मध्ये खिळा,
खिळ्यावर मोर, मोराची मान मोडलेली.
अडकित्ता.

गोदाआत्याचा अडकित्ता!
मरेपर्यंत ती शेजारच्या काशीवर आळ घेत राहिली,
एका भिंतीच्या दोन्ही अंगांनी बोलणं बंद,
काशीच्या लेकीच्या लग्नालाही आमच्यातलं कुणी गेलं नाही.
आणि अंबादासकाका तो खिशात घालून
मनमाडच्या गाडीत बसला होता.

मी त्याला पाहिला नाही.
सुपारी इतकी पातळ कातरायचा, म्हणे,
की फुंकर मारली तर उडायची.
वर, त्या गारठ्यात, झोप येऊ नये म्हणून
कातरत असेल का?
सहा गोऱ्या पोरांना वाटत असेल का खांड खांड?
त्यांनी तोंड वाकडं केलं असेल. मागचा बंदूकवाला
रोज मागत असेल, एखादा असतोच तसा.

तारेत 'बेपत्ता' लिहिलं होतं.
बेपत्ता माणसाचं दहावं कसं करणार?
आजोबा म्हणाले, थांबू. मग राहूनच गेलं.

बाप सरहद्दीवरच्या शिबिरात निझामाविरुद्ध बंदुका पुसत होता.
भाऊ उडाला ती विमानं घ्यायला
निझामानंही पैसे दिले होते, हे त्याला ठाऊक होतं.
ताम्रपट भिंतीवर लागला.
काकाचा फोटो ट्रंकेत, धान्याच्या पावत्यांखाली.
विचारलं तर एवढंच: परमुलखाच्या भांडणात गेला.

बाईनं आणखी एक लिहिलंय, सरळ, न विचारता:
त्या रात्री तो कोणत्या शहरावरून परतत होता.
दोन दिवस मी नकाशा उघडला नाही.
मग उघडला.
तिथं नदी आहे. म्हणजे धुणी असतील,
काठावर घरं असतील,
एकीचं काहीतरी हरवलं असेल आणि ती
शेजारणीवर आळ घेत असेल, त्या रात्रीपर्यंत.
पुढचं मला जमत नाही.

उत्तर नातीनं इंग्रजीत उतरवलं.
ती म्हणाली, याला तिकडं नटक्रॅकर म्हणतात.
मी म्हटलं, तसलं नको, चित्र काढ.
तिनं हात काढला, हातात अडकित्ता.
सुपारीचं चित्र मात्र बोरासारखं आलं,
म्हणून एक सुपारीच पाकिटात टाकली.

पोस्टातल्या पोरानं पाकीट चाचपलं.
आत काय? सुपारी. कशाची? खायची.
आजोबा, बी-बियाणं परदेशात जात नाही,
ते लोक जाळून टाकतात.
काढून घ्या.

काढून घेतली.
काशीच्या नातवाचं सायकलचं दुकान समोरच आहे.
त्याला सांगायचं होतं, पण गिऱ्हाईक होतं,
तो चाकात हवा भरत होता.
पोस्टाच्या पायरीवर बसलो.
घरी अडकित्ता नाही, तेव्हापासून कुणी घेतलाच नाही.
अख्खी सुपारी गालात धरली.
दाढा पहिल्यासारख्या नाहीत.
भिजायला वेळ लागतो.